तिसरी उसळी

शिकाऊ पायलटचं लँडिंग चुकतं तेव्हा नेमकं काय चुकतं? एका वाकलेल्या प्रॉपेलरची आणि दोन कागदांची गोष्ट.

मंगळवारची सकाळ. नऊ वाजून गेलेले. मी नाइट ड्रेसमध्येच लॅपटॉप उघडून एका डेडलाइनशी झटापट करत होते, तेवढ्यात मोबाइलवर एक फोटो येऊन पडला. खाली ओळ नाही, स्मायली नाही, काही नाही. फोटोत एक छोटंसं पांढरं विमान धावपट्टीच्या कडेला उभं. उभं म्हणजे काय, नाक जमिनीला टेकलेलं आणि शेपटी वर. साष्टांग नमस्कार घालायला वाकावं आणि मध्येच अडकावं, तसं.

मला वाटलं फॉरवर्ड आहे. मी एक खो खो हसणारा चेहरा पाठवून दिला.

लगेच दोन निळ्या टिकल्या. मग बराच वेळ काही नाही. मग उत्तर आलं : ‘मीच चालवत होते.’

नोकरी सोडून आकाशात

आम्ही दोघी तीन वर्षं कर्वेनगरच्या एका पीजीत एका खोलीत राहिलो. मी तेव्हा मास कॉम करत होते आणि ती हिंजवडीला एका आयटी कंपनीत कोड लिहीत होती. रोज रात्री साडेनऊला थकून यायची, मॅगी करायची आणि यूट्यूबवर कॉकपिटचे व्हिडिओ बघायची. आम्ही तिला हसायचो. सत्ताविसाव्या वर्षी बाईंनी राजीनामा टाकला आणि खरंच पायलट व्हायला निघाल्या. स्वतःचं सेव्हिंग, बाबांचा पीएफ आणि वर बँकेचं लोन. कमर्शियल पायलट लायसन्सचा खर्च हल्ली सहज पन्नास लाखांच्या घरात जातो, हे मला तिच्यामुळेच कळलं. डीजीसीएच्या नियमानुसार या लायसन्ससाठी किमान २०० तासांचं उड्डाण लागतं, त्यातले १०० तास स्वतः कमांडमध्ये. त्या मंगळवारी तिच्या लॉगबुकमध्ये होते ३४.

तिचं नाव लिहायचं नाही, शाळेचं नाही, गावाचंही नाही, या अटीवर ती बोलली. पुण्यापासून काही तासांवरचं गाव आहे आणि तिथे चहा बरा मिळतो, इतकं सांगायला हरकत नसावी.

पुढच्याच वीकेंडला मी एसटी पकडून तिथे पोहोचले. ती स्टँडवर घ्यायला आली होती. अंगावर ओरखडासुद्धा नाही. “बघ, एक पीस आहे,” म्हणाली. आणि मग स्कूटरवर मागे बसलेल्या मला अख्ख्या रस्त्यात एक शब्द बोलली नाही.

विमान उतरवणं म्हणजे काय रे भाऊ?

आपल्यासारख्यांचा समज असा की, लँडिंग म्हणजे विमान खाली आणायचं आणि जमिनीवर टेकवायचं. चूक! तिच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की, लँडिंग म्हणजे विमान जमिनीच्या हातभर वर धरून ठेवायचं आणि त्याला खाली बसू द्यायचं नाही. बसू द्यायचं नाही, बसू द्यायचं नाही, असं करत वेग इतका उतरतो की शेवटी ते स्वतःच बसतं. आधी मागची दोन चाकं, जी पंखांखाली असतात. ती दणकट. नाकाखालचं पुढचं चाक सगळ्यात शेवटी, अलगद. ते बिचारं जमिनीवर विमान वळवण्यापुरतं. विमानाचं धूड झेलणं हे त्याचं कामच नाही.

ती ज्यावर शिकते ते विमान म्हणजे सेस्ना १५२. दोन सीट, एक इंजिन, ११० हॉर्सपॉवर. १९८५ नंतर हे मॉडेल बनलेलंच नाही, म्हणजे तिच्या हाताखालचं विमान तिच्यापेक्षा वयानं मोठं. आतून बघाल तर जुन्या फियाटची आठवण येईल. उतरताना शेवटच्या टप्प्यात त्याचा वेग ठेवायचा साधारण ६० नॉट, म्हणजे ताशी एकशे दहा किलोमीटर. एक्स्प्रेस-वेवर दर शनिवारी लोणावळ्याला निघालेले कितीतरी महाभाग यापेक्षा जोरात असतात.

पण फरक असा की, गाडीला पंख नसतात. पंखाची उचल वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. काटा ६० ऐवजी ७२ वर असेल तर वेग २० टक्क्यांनी जास्त, पण पंख ४४ टक्के जास्त उचल द्यायला तयार! त्यात जमीन जवळ आली की पंखाला होणारा हवेचा अडथळाही कमी होतो. परिणाम? विमान बसायलाच तयार होत नाही. धावपट्टीवरून तरंगत तरंगत पुढे जात राहतं.

त्या सकाळी काटा ७२ वर होता.

चार-पाच सेकंद

ती एकटीच होती विमानात. सोलो सर्किट चालू होती. सर्किट म्हणजे उडायचं, हजार फुटांवर धावपट्टीला एक चौकोनी प्रदक्षिणा घालायची, उतरायचं आणि परत. सकाळी हवा शांत असते म्हणून मुलं साडेसहापासूनच रांगेत असतात. तिची त्या दिवशीची चौथी फेरी.

“पहिल्या तीन इतक्या भारी झाल्या होत्या ना, की चौथीला मी जरा हवेतच होते,” ती म्हणाली आणि स्वतःच्याच कोटीवर हसली. आम्ही तिच्या खोलीच्या गच्चीत बसलो होतो. संध्याकाळ होती आणि लांबवर उसाच्या शेतावर कोणीतरी पाचट पेटवलेलं.

मग सांगायला लागली. फायनलला आली तेव्हाच काटा जास्त दिसला होता. उतरेल, म्हणाली मनात. उतरला नाही. विमान तरंगायला लागलं. टॅक्सी-वे मागे गेला. धावपट्टीच्या कडेला दोन ज्युनिअर मुलं उभी होती, तीही मागे गेली. “आणि मी नाक खाली दाबलं.”

बस. एवढंच. बसत नाही म्हणून तिनं विमानाला बसवलं.

पुढचं चाक आधी आपटलं. नाक उसळून वर गेलं. नाक वर गेलं की पंखाला जास्त उचल मिळते, म्हणजे विमान पुन्हा उडालं. पाच-सहा फूट असेल. आता वेग कमी आणि नाक वर. कोणीही काय करेल? नाक खाली करेल. तिनं केलं. पण मेंदूनं बघायचं, हातानं ऐकायचं आणि विमानानं वळायचं, यात जो वेळ जातो त्यात विमान आधीच खाली यायला लागलेलं असतं. म्हणजे तुमची दुरुस्ती नेमकी चुकीच्या क्षणी पोहोचते. दुसरी आपट पहिलीपेक्षा जोरात. दुसरी उसळी पहिलीपेक्षा उंच. पंखात बसवलेली स्टॉलची पिपाणी केकाटायला लागली. तिसऱ्या वेळी पुढचं चाक मोडलं, प्रॉपेलर जमिनीला लागला आणि विमान नाक घासत, धावपट्टी सोडून गवतात जाऊन थांबलं.

याला ‘पॉरपॉइझिंग’ म्हणतात. समुद्रात डॉल्फिनसारखा एक प्राणी उसळ्या मारत जातो ना, त्यावरून. अमेरिकेच्या एफएएचं विद्यार्थ्यांसाठीचं जे हँडबुक आहे, त्यात याचं रीतसर वर्णन आहे. म्हणजे चूक इतकी जुनी आहे की तिला पुस्तकात स्वतःची जागा आहे! आणि त्यावरचा उपायही तिथेच आहे : सावरत बसू नका. पूर्ण थ्रॉटल द्या, परत वर जा, एक चक्कर मारा आणि पुन्हा या. गो-अराउंड. फुकट. दंड नाही, मार्क कापत नाहीत.

“तुला माहीत नव्हतं?” मी विचारलं.

“आदल्याच दिवशी सरांना तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं.”

“मग?”

बराच वेळ ती धुराकडे बघत बसली. “पहिली उसळी काही खास नव्हती गं. खरंच. वाटलं, सावरते. ती दोन पोरं बघत होती.”

मी पण आपटले

आता तुम्हाला वाटत असेल, एवढं सगळं माहीत असताना कोणी कसं चुकतं? मलाही वाटलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिच्या सरांसमोर जरा शहाणपणा केला. सर म्हणजे एकदम शांत माणूस, मिशीत हसणारे. त्यांनी काही उत्तर दिलं नाही. मला त्यांच्या सिम्युलेटरवर बसवलं. फायनलवर विमान आणून दिलं, वेग मुद्दाम जास्त ठेवला आणि म्हणाले, “मॅडम, उसळलं की फक्त थ्रॉटल पुढे. बाकी काही करायचं नाही.”

सोप्पं! माझा हात थ्रॉटलवर तयारच होता. विमान तरंगलं, मी दाबलं, उसळलं. आणि मी काय केलं असेल? नाक खाली! थ्रॉटलवरचा हात तसाच, पुतळ्यासारखा. तीनदा बसले, तीनही वेळा नाक मोडलं. चौथ्यांदा कुठे हात हलला, तोही सर मागून ओरडले म्हणून. खरं सांगते, पडद्यावरची जमीन समोर आली की पोटात जे होतं ना, त्यात शिकलेलं सगळं विरघळतं. आणि मला तर आधीपासून माहीत होतं की काय होणार आहे.

सर म्हणाले, “विमान खाली आणलंय म्हटल्यावर ते खालीच राहिलं पाहिजे, असं माणसाला वाटतं. परत वर जाणं म्हणजे हरणं वाटतं. आमचे निम्मे तास हे काढण्यात जातात.”

अमेरिकेत एओपीए ही खासगी वैमानिकांची मोठी संघटना आहे. तिचा नॉल रिपोर्ट वर्षानुवर्षं हेच सांगतो की, छोट्या विमानांचे सगळ्यात जास्त अपघात लँडिंगला होतात, पण त्यात जीव फार कमी जातात. म्हणजे मोडतं ते विमान. आणि आणखी काही, जे रिपोर्टात येत नाही.

पातं काय बोललं

हँगरच्या कोपऱ्यात ते विमान उभं होतं. नाक एका स्टँडवर टेकवलेलं. विमानाची देखभाल करणारे इंजिनिअर आहेत, साठीकडे झुकलेले. सगळी मुलं त्यांना काका म्हणतात, मीही म्हटलं. काकांनी मला प्रॉपेलर दाखवला. दोन्ही पात्यांची टोकं मागे, पायलटच्या बाजूला वळलेली. दुमडलेल्या पानाच्या कोपऱ्यासारखी.

“इंजिन जोरात असताना पातं जमिनीला लागलं, तर टोकं बहुतेक वेळा पुढे वळतात,” काका म्हणाले. “पातं हवा कापत पुढे ओढत असतं ना. आणि इंजिन मंद असेल तर मागे. अगदी नेम नाही, पण बहुतेक.”

मी नुसती मान हलवली. तिच्याकडे पाहिलं, तर ती हँगरच्या बाहेर जाऊन उभी राहिली होती. तेव्हा मला काही कळलं नाही. कळलं ते त्या रात्री, दोन वाजता.

झालं होतं असं. अपघातानंतर तासाभरात मेडिकल वगैरे उरकून तिला ऑफिसात बसवलं आणि कागद पुढे ठेवला. काय घडलं ते आपल्या शब्दांत लिही. हात थरथरत होते. तिनं लिहिलं की, पहिल्या उसळीनंतर फुल थ्रॉटल देऊन गो-अराउंडचा प्रयत्न केला, पण विमानानं साथ दिली नाही.

“मला लिहिताना ते खरंच वाटत होतं,” ती म्हणाली. “म्हणजे तेच करायचं होतं ना मला. ते करायला हवं होतं, म्हणून केलं असं वाटलं.”

दुपारी हँगरमध्ये गेली, तर काका पात्यापाशी उकिडवे बसले होते. टोकावरून अंगठा फिरवला, तिच्याकडे बघितलं आणि फक्त म्हणाले, “चहा घेणार का बाळा?” पुढे एक अक्षर नाही. काकांना तिनं काय लिहिलंय ते ठाऊक होतं की नाही, हे तिला आजही माहीत नाही. पण चहा संपेपर्यंत ती त्या वळलेल्या टोकांकडे बघत होती. थ्रॉटल मागे होता. पूर्ण मागे. तिनं त्याला हातच लावला नव्हता.

तिच्यापुढे दोन रस्ते होते आणि त्यातला एक फारच सोयीचा होता. छोट्याशा चुकीत कोण कशाला इतकं खोलात शिरतंय? ‘विमानानं साथ दिली नाही’ या वाक्यानं तिचं लोन, तिचं नाव, पुढे एअरलाइनच्या इंटरव्ह्यूत येणारा प्रश्न, सगळं जरा हलकं झालं असतं. फक्त पुढे कोणीतरी ते जुनं इंजिन उघडून त्यात नसलेला दोष शोधत बसलं असतं.

रात्रभर जागून सकाळी ती सरांकडे गेली आणि म्हणाली, मला तो कागद परत हवाय.

सर म्हणाले, “परत नाही देता येणार. दुसरा लिही. आणि वर आजची तारीख टाक.”

दोन्ही कागद फाइलला लागले.

मला वाटलं होतं, आता हिची सुट्टी. पण या धंद्यातली एक गोष्ट मला भन्नाट वाटली. विमान अपघातांच्या तपासाचा आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की, तपास दोष कोणाचा हे ठरवण्यासाठी नसतो. तो पुन्हा तसं होऊ नये यासाठी असतो. आपल्याकडे २०१२ साली यासाठी एएआयबी ही वेगळी संस्था स्थापन झाली, आणि तिच्या अहवालांच्या पहिल्या पानांतच हे छापलेलं असतं. प्रत्यक्षात सगळीकडे इतकं गोड चालत असेल असं मी म्हणणार नाही. ती ज्या दिवशी दुसरा कागद घेऊन गेली, त्या दिवशी तिला तरी याची खात्री नव्हती. (आमच्या धंद्यात चूक कबूल करायला शेवटच्या पानाचा तळ असतो, तोही सहा पॉइंटमध्ये. असो.)

टायर पंक्चर

घरी मात्र तिनं सांगितलं की, टायर पंक्चर झाला.

आई सुटकेचा नि:श्वास टाकून मोकळी झाली. बाबांनी फोन घेतला आणि विचारलं, “ते बारामतीला झालं तसलं काही नाही ना?” बाबा सगळ्या बातम्या वाचतात. जुलै २०२२ मध्ये इंदापूरजवळ कडबनवाडीच्या शेतात ट्रेनिंगचं विमान पडलं, आत एकटी विद्यार्थिनी होती, ती वाचली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन विमानं पडली. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये गोंदियाच्या बिरसीहून उडालेलं विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात डोंगरात कोसळलं, तेव्हा इन्स्ट्रक्टर आणि विद्यार्थिनी दोघंही गेले. ती म्हणाली, “नाही बाबा, तसलं काही नाही.” आणि फोन ठेवून बाथरूममध्ये नळ सोडून रडली. पीजीत पण ती असंच करायची. मला माहीत आहे.

त्यानंतर दोन महिने ती जमिनीवर होती. विमान तर त्याहून जास्त. प्रॉपेलर जमिनीला लागला की इंजिन बाहेरून कितीही ठणठणीत दिसू दे, ते उघडून आतून तपासावं लागतं, अशी लायकमिंग या इंजिनवाल्यांची सूचनाच आहे. त्या दोन महिन्यांत ती एकच ऑडिओ ऐकत बसायची. सप्टेंबर २०१८, अमेरिकेतलं बेव्हर्ली विमानतळ. सतरा वर्षांची मुलगी पहिल्यांदाच एकटी उडाली आणि उडतानाच विमानाचं उजवं चाक गळून पडलं. तिचे इन्स्ट्रक्टर खालून रेडिओवर आले आणि शांतपणे बोलत राहिले, आणि ती व्यवस्थित उतरली. ती टेप बऱ्याच जणांनी ऐकली असेल.

“तिला वेळ मिळाला,” ही म्हणायची. “आवाज मिळाला. माझ्या चार-पाच सेकंदांत कोणी काही बोललंच नाही.”

बाबांना तिनं महिन्याभरानं खरं सांगितलं. ते म्हणाले, “फोटो मी बघितला होता गं. तुझ्या वहिनीच्या ग्रुपवर आलेला.” आईला मात्र अजून पंक्चरच माहीत आहे. आई हा अंक घेत नाहीत, अशी आशा.

काटा

ती परत उडायला लागली तेव्हा मी मुद्दाम गेले. आधी सरांबरोबर बरेच तास झाले, मग चेक झाला आणि मग पुन्हा सोलो. मी आणि काका हँगरच्या दारात स्टुलं टाकून बसलो होतो, हातात कटिंग. विमान दुसरं होतं. हे जरा पिवळट.

पहिलं लँडिंग. मी चहा विसरले. मागची चाकं टेकली, एक बारीकशी धुळीची रेघ, मग नाक सावकाश खाली. काका म्हणाले, “हं.” दुसरंही तसंच.

तिसऱ्या फेरीला ती फायनलला आली. मला सगळं चित्रासारखं दिसत होतं. सरळ रेघेत, पंख समतोल, वारा नाही. धावपट्टीच्या अगदी वर आली, आता टेकेल, आता टेकेल, आणि एकदम इंजिनचा आवाज चढला. विमान न टेकताच आमच्या समोरून सुसाट गेलं आणि वर उठलं. माझ्या पोटात गोळा. काकांनी कप खाली ठेवला नाही की मानही वर केली नाही.

पुढच्या फेरीला ती उतरली. हेडसेट गळ्यात, घामानं केस कपाळाला चिकटलेले. मी धावतच गेले.

“काय झालं होतं?”

“कुठे काय? काटा ६८ होता.”

“मग, ६८ ला उतरता येत नाही?”

“येतं की,” ती म्हणाली आणि लॉगबुक भरायला आत गेली.